भांड्यानं खाल्लेली उष्णता

शेजारचे मल्लाप्पा चहा आला की आधी पीत नाहीत. दोन मिनिटं थांबतात, करंगळी बुडवून बघतात आणि मला विचारतात, "निवला. उष्णता कुठं गेली?"

"हवेत गेली, अप्पा."

"आन् कपानं खाल्लेली? भांडं हिशेबात धरलं का?"

कळंबच्या कॉलेजात ते रिटायर होईपर्यंत प्रयोगशाळा सहायक होते. प्रयोगात पोरं गरम पाण्याची उष्णता मांडायची, गार पाण्याची मांडायची आणि ज्या तांब्याच्या भांड्यात दोन्ही ओतलं ते भांडंच विसरायची. उत्तर जुळेना की अप्पा मागं हजर! मीही त्यांची बोलणी खाऊनच शिकले. आता तिथंच फिजिक्स शिकवते, तरी सुटका नाही.

अप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या वर्षी वारल्या. तेव्हापासून सकाळचा चहा आमच्याकडंच. अंगानं निम्मे झालेत, आवाज मात्र तेवढाच.

परवा कॉलेजात क्वांटमवर बोलायला पाहुणे आले होते. म्हणाले, "एकेका कणाची ऊर्जा मोजली तर ती आधी काढलेल्या आकड्याशी जुळेलच असं नाही. कधी जास्त, कधी कमी. पण हजारदा मोजा, सरासरी बरोबर येते. त्यामुळे काळजी नको."

अप्पा बिनबोलावता पहिल्या रांगेत बसलेले. ताडकन उठले. "न्हाय चालायचं!"

"आजोबा, गणितानं सिद्ध झालंय."

"झालं आसंल. पर ह्या एका येळेला कमी पडली ती कुठं गेली? मोजणारं यंत्र धरलं का? कण ज्यातनं निघाला ते धरलं का?"

पाहुणे जरा चाचरले. "त्यावर अजून वाद चालू आहे."

"मग वाद चालू हाय म्हणा की! काळजी नको कशापायी म्हणता?"

प्राचार्यांनी बसायची खूण केली. अप्पा काही बसले नाहीत. शेवटी आभार उरकून सभाच उठवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगू? आतनं लई बरंही वाटलं.

तरी घरी येताना मी चिडलेच. "सरासरी जुळते म्हणतायत ना, अप्पा! एखाद्या कणाचं कमीजास्त झालं तर तुमचं काय अडलं?"

अप्पा रस्त्यातच थांबले.

"सरासरीत सगळंच जुळतंय, बाई. गावात एक मेलं, एक जन्मलं, जुळलं. माझ्या घरातनं एकच गेली. काळजी नको म्हणणाऱ्याला म्या सोडणार न्हाय."