हेल्मेट बदलून भांडा

आमच्या साईटवर कुणाला कुणाशी भांडायचं असेल, तर आधी डोक्यावरचं हेल्मेट काढून समोरच्याला द्यावं लागतं. त्याचं आपण घालायचं. मग त्याच्या बाजूनं आपण बोलायचं आणि आपल्या बाजूनं तो. मोघेसाहेबांचा तसा नियमच आहे. मोघेसाहेब म्हणजे तळेगावातल्या आमच्या बांधकामाचे प्रोजेक्ट मॅनेजर.

मी परभणीकडचा. नववीत शाळा सुटली. इकडं ओळखीचं कुणी नव्हतं, तरी साहेबांनी मला स्टोअरची किल्ली दिली. त्याबद्दल मी त्यांना रोज मनातल्या मनात नमस्कार करतो. पण आवाज चढले की मी आधी माझी पिशवी कुठं आहे ते बघतो. भांडण वाढलं, साईट बंद पडली, तर सगळ्यात आधी परतीच्या गाडीत कोण बसणार? मीच. त्यामुळं हा नियम ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं.

एकदा प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन एका भिंतीवरून जुंपले. साहेबांनी दोघांची हेल्मेटं बदलली आणि म्हणाले, "हं, भांडा. थोडक्यात, पण सगळं."

इलेक्ट्रिशियनचं निळं हेल्मेट घालून प्लंबर असा काही पेटला की विचारू नका. "हा प्लंबर कुठंही भोकं पाडतो. याला विचारायची सवयच नाही. याच्या घरी तरी याचं कुणी ऐकतं का?"

इलेक्ट्रिशियन कळवळला. "अरे, स्वतःलाच किती बोलशील? राहू दे आता, मी वायर तिकडून नेतो."

साहेबांनी फक्त ओळंबा लावून भिंत सरळ आहे का ते पाहिलं आणि निघून गेले. त्यांना वाकडं काही खपत नाही. चहाच्या टपरीवरचा बाकडा त्यांनी खाली फरशीचा तुकडा सरकवून सरळ केलाय. माझा भांगसुद्धा एकदा लांबून बघून म्हणाले, "डावीकडं उतार आहे." कुणी काही सांगायला गेलं की आधी "मुद्दा काय आहे?" आणि ऐकून झाल्यावर "मला पटलेलं नाही, पण पुढे बोला." न पटता ते तासभर ऐकतात.

पण खुद्द साहेबांशीच भांडण झालं तर काय करायचं, हे कुणाला माहीत नव्हतं. ते यंदा भातलावणीच्या वेळी झालं.

साहेबांनी स्लॅबचा दिवस ठरवला तो नेमका लावणीच्या आठवड्यात. आमची सेंटरिंगची, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणारी, अख्खी टोळी मळवलीकडच्या एका वाडीतली. त्यांचे फोरमन बबनभाऊ ऑफिसात आले. रोपं तयार होती, फार थांबली तर वाया जाणार होती.

"साहेब, लावणी हाय. आठवडाभर आमी कुनी न्हाई येनार."

"तुमचं शेत किती दिवसांचं?"

"एका दिसाचं."

"मग एक दिवस घ्या. प्रत्येकानं आपापला एक दिवस घ्या. मी नाही कुठं म्हणतोय?"

साहेबांना वाटलं, आपण केवढं मन मोठं केलं. भाऊंचं तोंड लाल झालं. "तसं न्हाई जमत. द्यायची तर समद्यांना द्या, न्हाईतर आमी उद्यापासून बंद." मागं टोळी उभी होती. मी स्टोअरच्या दारात किल्ली घट्ट धरून उभा. डोळ्यांपुढं परभणीची गाडी.

साहेब उठले. आपलं पांढरं हेल्मेट काढून त्यांनी भाऊंसमोर धरलं. "बसा माझ्या खुर्चीत."

भाऊंचं पिवळं हेल्मेट साहेबांच्या कानांवर आलं. भाऊंनी खुर्चीत ऐसपैस बसून घसा खाकरला आणि हुबेहूब साहेबांच्या आवाजात विचारलं, "मुद्दा काय आहे?"

टोळी खो-खो हसली. साहेबही हसले. मग म्हणाले, "साहेब, आमी लावणीला जानार. लय काम हाय."

"तुमचं शेत लावा ना. बाकीच्यांच्या शेतांशी तुमचा काय संबंध?"

साहेबांनी टोळीकडं पाहिलं. पण दुसऱ्यानं सांगायचं नाही, हाही त्यांचाच नियम. ते हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले. मग हळू बोलले, "मी त्यांच्या शेतावर गेलो नाही, तर माझ्या शेतावर कोण येईल?"

"व्हय," मागून कुणीतरी म्हणालं. "सावड म्हनत्यात त्याला."

आता भाऊंची पाळी. समोर स्लॅबचा नकाशा, शेजारी साहेबांचा फोन. तो वाजला. वरच्या ऑफिसचा होता. भाऊंनी त्याच्याकडं साप बघावा तसं बघितलं. "हे रोज असं वाजतं का?"

"दिवसभर."

भाऊंनी फोन उलटा करून ठेवला. "रोपं आजून चार दिस दम धरतील," ते आपल्याच आवाजात म्हणाले. "स्लॅब आदी टाकू. दोन पाळ्या लावू. मग आमी समदे जाऊ."

"मला पटलेलं नाही," साहेब पिवळ्या हेल्मेटमधून म्हणाले, "पण पुढे बोला."

स्लॅब टाकून झाला. त्याला पाणी मारायला माणूस लागला नाही, पाऊस होताच. टोळी लावणीला गेली. दुसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "चल, बघून येऊ."

बघतात कसले. बबनभाऊंच्या खाचरात पँट दुमडून उतरले आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत सुतळी ताणली. ओळ सरळ यायला नको? भाऊंची आई, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "साहेब, भाताची काय भिंत बांधायची हाय?"

साहेबांनी दुपारपर्यंत लावणी केली. सुतळी असूनही त्यांची ओळ वाकडीच आली आणि पहिल्यांदाच त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

बांधावर जेवताना मावशींनी त्यांच्या भाकरीवर पिठलं वाढलं. "आता तुमच्याकडं आमी कवा यायचं? सावड हाय ती. फेडाया पायजे."

"मावशी, माझं शेत नाही."

"आसूं द्या. घर तर आसंल?"

साहेब तळेगावात एकटे राहतात. यापलीकडं आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं. त्यांनी घास खाली ठेवला. "आहे. पण तिथं काही काम नसतं."

"मग बसाया येऊ," मावशी म्हणाल्या.

लावणी उरकल्यावरच्या रविवारी आम्ही सगळे साहेबांच्या घरी गेलो. मावशी नवं पातळ नेसून, तांदळाची पिशवी घेऊन. साहेबांनी बेल वाजायच्या आधीच दार उघडलं. बसायला शेजारच्यांच्या खुर्च्या मागून आणल्या होत्या. चहा स्वतः केला, आणि थोडा जास्तच गोड झाला होता.

कप नवेकोरे होते. मी माझा वर उचलला तेव्हा बुडाला दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं दिसलं. सगळ्यांच्याच कपांना होतं.