सर्वांच्या मालकीचा थेंब

इमारतीचा पाण्याचा सामायिक पाईप तळमजल्यावरच्या शिंप्याच्या दुकानातून जात असे, आणि त्या पाइपाचा एक नट सैल झाला. घटना एवढीच. नटातून थेंब सुटायचा आणि बरोबर कापड कापायच्या टेबलावर पडायचा. टेबल सरकवायला जागा नव्हती, कारण एका बाजूला मशीन होतं, दुसऱ्या बाजूला इस्त्री, आणि उरलेल्या जागेत शिंप्याची बायको. शिंप्याला सगळी इमारत मास्तर म्हणायची. पाईप गंजका असल्यामुळे थेंबाचा डाग तांबूस पडत असे, आणि नेमकी त्याच वेळी मास्तरांकडे एका बँडपथकाच्या पांढऱ्याशुभ्र कोटांची ऑर्डर होती. पहिल्याच कोटाच्या पाठीवर डाग पडला, तेव्हा पथकाचा मॅनेजर न चिडता सांगून गेला, की महिनाअखेर कोट हातात पडले नाहीत तर यापुढचं सगळं काम समोरच्या रेडीमेडवाल्याला. माणूस चिडला असता तर मास्तरांना इतकी भीती वाटली नसती.

मास्तरांनी पाना उचलला. बायकोने त्यांचा हात धरला.

"एकट्याने करणार?" तिने हळू आवाजात विचारलं. नवरा घरफोडीला निघाल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

तिचंही बरोबर होतं. पूर्वी एकदा इमारतीच्या फाटकाची कडी निखळली होती. ती दोन मजल्यांवरच्या दोघांनी मिळून बसवली, आणि ती नक्की कोणी बसवली यावरून त्या दोन मजल्यांनी एकमेकांशी अबोला धरला तो धरलाच. तेव्हा संस्थेचे अध्यक्ष ठरावकाका यांनी हा प्रश्न कायमचा निकालात काढला. ठरावकाका निवृत्त अधिकारी होते आणि त्यांना साधी शिंक आली तरी ते अनुमोदक शोधत. सगळ्यांनी मिळून केलं की श्रेयाचा वादच नको, म्हणून त्यांनी नियम करून घेतला, की सामायिक काम एकट्याने करणे म्हणजे असहकार होय. हे वाक्य प्रवेशद्वारावर रंगवलं गेलं. अर्थात एकट्याने नव्हे. प्रत्येक घराने एकेक अक्षर रंगवलं, त्यामुळे वाक्य थोडं दारू प्यायल्यासारखं चालतं, पण अर्थ पोचतो.

नटासाठी रीतसर सभा भरली. सगळ्यांनी मास्तरांबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली. नट सर्वांनी मिळून आवळायचा, यावर एकमत झालं. पाइपाखाली एकच स्टूल मावत असल्यामुळे पाना हातोहात फिरवायचा, यावरही एकमत झालं. मग चिटणीसबाईंनी विचारलं, की नट डावीकडे फिरवायचा की उजवीकडे, आणि सभा गंभीर झाली.

दुसऱ्या मजल्यावर राहणारा प्लंबर उभा राहिला. ठरावकाकांनी त्याला अतिशय प्रेमाने खाली बसवलं. पाण्याचा धंदा करणाऱ्याने पाण्याच्या प्रश्नावर बोलणं हा हितसंबंध झाला, आणि हितसंबंध संस्थेला परवडणारा नव्हता. याच कारणाने प्लंबरला जिना रंगवण्याच्या समितीवर घेतलेलं होतं आणि रंगाऱ्याला पाणी समितीवर. शेवटी मतदान झालं आणि डावीकडचा पक्ष भरघोस मतांनी जिंकला. उजवीकडच्यांनी हरकत घेतल्यामुळे विषय दिशा उपसमितीकडे अभ्यासाला गेला. मास्तरांनी कपाळाला हात लावला, पण तो मतासाठी वर केलेला हात समजून मोजला गेला.

अहवाल येईपर्यंत मास्तरांना वाऱ्यावर सोडणं संस्थेच्या तत्त्वात बसत नव्हतं. थेंबाखाली बादली हवी. बादली टेबलावर ठेवली तर टेबल अडतं, म्हणून ती छताच्या कडीतून दोरी ओवून लोंबकळत ठेवायची आणि दोरीचं टोक एका सभासदाने धरून बसायचं, असं ठरलं. मास्तर म्हणाले, टोक खिळ्याला बांधलं तर? चिटणीसबाईंनी खिळ्याकडे नीट पाहिलं.

"खिळा संस्थेचा सभासद नाही, मास्तर," त्या म्हणाल्या.

दोरीच्या पाळ्या लागल्या. दोरी धरणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून प्रत्येक पाळीला सोबत दिली गेली. सोबतीला गप्पा हव्यात, म्हणून ज्यांची पाळी नाही तेही येऊन बसू लागले. मास्तरांच्या दुकानात कोपर हलवायला जागा राहिली नाही. एकीकडे कोणी मुलीच्या सासूबद्दल सांगतंय, दुसरीकडे कोणी गुडघ्यांबद्दल, आणि मधोमध मास्तर पांढऱ्या कापडावर कात्री धरून दात-ओठ खातायत. फाटकावरून अबोला धरलेले दोन मजले याच दुकानात पुन्हा बोलते झाले. त्याचंही मास्तरांना कौतुक वाटलं नाही. त्यांना टेबल मोकळं हवं होतं आणि दुकान रिकामं.

इमारतीच्या या एकोप्याची बातमी गावभर झाली. आदर्श स्वशासनाचं बक्षीस देणाऱ्या मंडळाने कळवलं, की परीक्षक उद्या बादली पाहायला येत आहेत. इमारतीत आनंदीआनंद झाला. परीक्षकांसमोर कोणी भलतंच बोलू नये म्हणून ठरावकाकांनी त्याच दुपारी गच्चीवर 'सहकाराचे मूल्य' या विषयावर व्याख्यान ठेवलं. हजेरी सक्तीची होती. दोरी धरण्यापुरती मास्तरांना सूट मिळाली, आणि त्यांच्या बायकोला त्यांच्या वाटचं ऐकून येण्याची जबाबदारी.

गच्चीवरून टाळ्यांचा आवाज आला. मास्तरांनी दोरी खिळ्याला बांधली, स्टूलवर चढले आणि पाना उजवीकडे अर्धा फिरवला. थेंब थांबला. मास्तर थोडा वेळ तसेच स्टूलवर उभे राहिले. इतकं सुख त्यांना लग्नातही झालं नव्हतं.

व्याख्यान संपलं. पाळीवाले आले, त्यांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि गेले. थेंब नाही म्हणजे पाळी नाही. चहाच्या वेळेपर्यंत दुकानात मशीनच्या आवाजाशिवाय काही उरलं नाही. मास्तरांनी कोटांचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि एकेक कोट उलगडून पाहिला. निम्म्या कोटांना काजं नव्हती, बटणं नव्हती, खालची हातशिलाई नव्हती.

"हे राहिलं कसं?" त्यांनी बायकोला विचारलं. "आतापर्यंत तर होत होतं."

"होत नव्हतं, करत होते," बायको म्हणाली. "काजं पहिल्या मजल्यावरच्या काकू करायच्या. हातशिलाई वरच्या मजल्यावरच्या आजी. बटणं प्लंबर लावायचा. नुसतं बसवत नाही म्हणायचे."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही त्यांच्यावर वैतागण्यात होतात ना."

मास्तरांनी महिनाअखेरचा हिशोब मनात करून पाहिला. एकट्याने ते कोट पुरे होणं शक्य नव्हतं. समोरच्या रेडीमेडवाल्याचे दिवे लागले, ते त्यांना पहिल्यांदाच फार जवळ वाटले.

एवढ्यात तातडीची सभा दुकानातच येऊन उभी राहिली. ठरावकाकांचा आवाज बसला होता. उद्या परीक्षक येणार, आणि बादलीत दाखवायला थेंब नाही.

"मास्तर, खरं सांगा," ते म्हणाले. "हे तुम्ही एकट्याने केलंत?"

"हो."

"आम्हा सगळ्यांना न विचारता कोरडं केलंत?"

मास्तरांनी मान खाली घातली. आजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मास्तरांना खरोखरच लाज वाटली. आजींच्या बोटाला सुई टोचल्याची खूण होती. मास्तरांना ती आज दिसली.

नट पूर्ववत करण्याचा ठराव मांडला गेला. दिशा उपसमितीचा अहवालही नेमका तयार होता. उपसमितीने सखोल अभ्यासाअंती नट डावीकडेच फिरवावा अशी शिफारस केली होती. आपण पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो, असं डावीकडच्यांनी समाधानाने नमूद केलं. ही दुरुस्ती नसल्यामुळे हितसंबंधाचा प्रश्न येत नव्हता, आणि प्लंबरलाही प्रथमच पाना धरायला मिळणार होता. ठरावकाकांनी ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं.

पहिला हात मास्तरांचा होता.

पाना हातोहात फिरला. प्रत्येकाने नट आपापल्या ताकदीप्रमाणे सैल केला, आणि शेवटचा जोर आजींनी लावला. थेंब पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. इतक्या वर्षांत संस्थेचं एखादं काम सुरू झालं त्याच दिवशी पुरं होण्याची ही पहिलीच वेळ होती. चिटणीसबाईंनी डोळे पुसले.

"आजची पाळी कोणाची?" मास्तरांनी विचारलं, आणि काकूंसाठी सुईत दोरा ओवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी बादली पाहिली, दोरी धरून पाहिली आणि बक्षीस दिलं. कोट वेळेआधी पुरे झाले. बटणं प्लंबरने अशी पक्की बसवली होती, की बँडवाल्यांना कोट काढताना एकमेकांची मदत घ्यावी लागली. मॅनेजरने हे काम कोणाचं म्हणून विचारलं, तेव्हा मास्तरांनी सगळ्यांचं असं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल, आणि ते साहजिक आहे. पाना असूनही दोरी धरून बसणारी माणसं हसण्यासारखीच असतात. तुम्ही राहता तिथे असं काही नाही. तिथे जिन्यातली एक फरशी हलते, एवढंच. आज सकाळी तुम्ही तिच्यावरून जपून पाय टाकत खाली आलात. तुमच्यामागून कोणीतरी उतरत होतं, त्यांना सांगितलंत का?