अठरा किलोमीटरची संमती

रविवारी सकाळी सात वाजता सोमेश्वर आपल्या बुलेटच्या कॅरिअरला सतरंजीची वळकटी बांधत होता आणि त्याची बायको वंदना दारात उभी राहून ते बघत होती. वळकटी आडवी बांधली तर गाडी फाटकातून निघेना, म्हणून त्याने ती उभी केली आणि रबरी दोरीचे चार वेढे दिले. उभी केल्यावर ती चांगली बसलेल्या माणसाएवढी उंच झाली.

"आडवी काहून न्हाई बांधली?" वंदनाने विचारलं.

"उभीच बराबर हाय. हवा कापती," सोमेश्वर म्हणाला.

सोमेश्वरकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं. उत्तर चुकलं तर ते का चुकलं याचंही असायचं. अंबडला त्याचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं, पण दुकानदार म्हटलेलं त्याला फारसं रुचत नसे. तो 'गोदा रायडर्स' या मोटारसायकल क्लबचा अध्यक्ष होता. बारा सभासद, बारा गाड्या आणि बारा पिवळी जर्किनं. पावसाळा सरून सोयाबीन निघालं की क्लबच्या रविवारच्या सहली सुरू व्हायच्या, आणि त्या दिवशी दुकानाचं शटर वंदना उघडायची.

यंदा क्लबने मोठा घाट घातला होता. दिवाळी झाली की पाच दिवस गाड्यांवरून कोकण. रस्ते ठरले, मुक्काम ठरले, फक्त घरच्या परवानग्या राहिल्या होत्या. अकरा सभासदांच्या अकरा बायकांनी एकच उत्तर दिलं होतं, "वंदनावहिनी हो म्हणल्या तर आमची हरकत न्हाई." वंदना कधीच हो म्हणणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे त्यांना हा उदारपणा परवडत होता. दिवाळीनंतर रब्बीची गडबड असते. तेव्हा पाच दिवस दुकान एकटीने ओढायचं म्हणजे काय, हे वंदनाशिवाय कोणाला कळणार?

तोडगा काढला सचिव धम्मपाल सरांनी. "एकदा सगळ्याजणींना सहलीला घेऊन जाऊ. आपली शिस्त बघतील, मंग विश्वास बसंल." वीस वर्षं शाळेत काढूनही सरांचा शिस्तीवर विश्वास शाबूत होता.

म्हणून आजची ही सहकुटुंब सहल. घनसावंगीच्या पुढे, गोदाकाठी, क्लबमधल्याच साहेबरावकाकांचा मोसंबीचा मळा होता. काका एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी चांगुणाबाई वांग्याची भाजी आणि भाकरी करून वाट बघणार होत्या. सोमेश्वरने ठरवलं होतं, की मळा येण्याआधी वंदनाचा होकार खिशात पडला पाहिजे.

क्लबची शिस्त खरोखर दाखवण्यासारखी होती. निघताना हजेरी हॉर्नवर व्हायची. पहिल्या गाडीने एक हॉर्न द्यायचा, मग दुसरीने, मग तिसरीने. बारा हॉर्न झाले की सगळे हजर. सगळ्यात पुढे अध्यक्ष आणि सगळ्यात मागे, मागचं बघायला, साहेबरावकाका. वंदनाने हे सगळं पाहिलं आणि घनसावंगीपर्यंत फक्त तीनदा "हळू चालवा" म्हणाली. सोमेश्वरला हे फार चांगलं लक्षण वाटलं.

घनसावंगीला पेट्रोल भरायला थांबले. रीतीप्रमाणे बायका बाहेरच उतरल्या आणि चालत पंपाच्या बाहेर पडायच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं. वंदना मात्र गाडीबरोबर आत गेली. तिने क्लबकडून आजच्यापुरतं मिळालेलं पिवळं जर्किन काढलं, वाऱ्याने उडू नये म्हणून सतरंजीच्या वळकटीला घातलं, वर चेन ओढली, वळकटीच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं आणि त्याचा पट्टा दोरीत अडकवला. फोन आणि पाकीट जर्किनच्याच खिशात राहिलं.

"मी समोरून पाण्याची बाटली भरून आणते," ती म्हणाली.

सोमेश्वर तेव्हा पंपावरच्या माणसाला टायरमध्ये हवा किती असावी हे समजावून सांगत होता. तो म्हणाला, "बराबर." हे नेमकं कोणाला म्हणाला ते पंपावरच्या माणसालाही कळलं नाही. वंदना मात्र आपल्याला म्हणाला असं समजून रस्ता ओलांडून गेली.

गाड्या रस्त्याला लागल्या. बायका बसल्या. सोमेश्वरने आरशात पाहिलं. पिवळं जर्किन होतं, वर हेल्मेट होतं.

"बसलीस का?"

उत्तर आलं नाही. घरची कामं टाकून आलेली बायको वाटेत गप्प राहते, हा त्याचा अनुभव होता. त्याने हॉर्न दिला. मागे एकेक करत अकरा हॉर्न वाजले, बाराच्या बारा हजर झाले आणि गोदा रायडर्स निघाले.

पहिल्याच गतिरोधकावर वळकटी पुढे सरकली आणि हेल्मेट सोमेश्वरच्या पाठीवर टेकलं. त्याच्या अंगावर काटा आला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, वंदनाने गाडीवर असं डोकं कधी टेकवलं नव्हतं.

मागच्या गाडीवरून धम्मपाल सरांच्या पत्नी प्रीती यांनाही ते दिसलं. "बघा, वंदनावहिनींनी कसं डोकं टेकवलं! आपण नुसता खांद्याला हात लावला तर तुम्ही म्हणता बॅलन्स जाऊन राह्यला."

"रस्ता खराब हाय," सर म्हणाले.

पुढच्या गाडीवर सोमेश्वर विरघळला होता. मुद्द्याची गोष्ट काढायची होती, पण तोंडातून भलतंच बाहेर पडायला लागलं. "वंदना, तू चिडून बसली असंल. पण मला सगळं ठाऊक हाय. लोक म्हणतात सोमेश्वरचं दुकान. दुकान तू चालवती. मी इकडं जर्किन घालून फिरतो ते तू तिकडं शटर उघडती म्हणून. माझी माय अंथरुणावर होती तव्हा तीन महिने तू एक रात धड झोपली न्हाईस. मी कधी बोललो न्हाई. बोलायला पाह्यजे होतं."

बायकोचं तोंड दिसत नसलं की नवऱ्याला खरं बोलणं सोपं जातं. सोमेश्वर पंधरा किलोमीटर बोलला. दोन्ही बाजूंच्या कापसाने ऐकलं, उसाने ऐकलं. शेवटी त्याने घसा साफ केला आणि मूळ प्रश्नाला हात घातला.

"तर मंग, दिवाळीनंतर पाच दिवस जाऊ का? नको असंल तर आत्ताच सांग. मी बिलकुल रागावणार न्हाई."

तो एक किलोमीटर थांबला. मागून नकार आला नाही. तेवढ्यात खड्डा आला आणि हेल्मेट त्याच्या पाठीवर दोनदा आपटलं. एकदा नाही, चांगलं दोनदा. यापेक्षा स्पष्ट होकार काय असतो? सोमेश्वरने मूठ हवेत उंचावली. मागच्यांना अर्थ कळला आणि उरलेला रस्ता बारा गाड्या हॉर्न वाजवतच गेल्या.

मळ्यात शिरताना त्याला थांबवत नव्हतं. गाडीवर बसल्या बसल्याच त्याने जाहीर केलं, "मित्रांनो, वंदनानं मंजुरी दिली! अठरा किलोमीटर बोललो. मनात होतं ते सगळं सांगून टाकलं. पाच दिवस, कोकण!"

पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. अकरा बायकांचे चेहरे पडले. प्रीती पुढे झाल्या, "खरंच हो म्हणलात, वहिनी?" असं म्हणत त्यांनी वंदनाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पट्टा सुटून हेल्मेट त्यांच्या हातात आलं.

आत डोकं नव्हतं. सतरंजीचं टोक होतं, निळ्या-लाल पट्ट्यांचं. प्रीती किंचाळल्या. सोमेश्वर गर्रकन वळला आणि सतरंजीकडे बघतच राहिला.

"वंदना कुठंय?"

"हे आम्ही तुम्हाला इचारायचं का तुम्ही आम्हाला?" प्रीती म्हणाल्या.

कोणीतरी फोन लावला. तो जर्किनच्या खिशात वाजला. धम्मपाल सरांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "हॉर्न तर बारा वाजले व्हते. हजेरी पूर्ण व्हती."

"हजेरी गाड्यांची व्हती, सर. वहिनींना हॉर्न कुठंय?" कल्याण म्हणाला. तो क्लबमधला सगळ्यात तरुण सभासद. चार महिन्यांपूर्वी लग्न झालं असल्यामुळे बायकोला तो अजून मोजत असे.

सगळ्यांनी साहेबरावकाकांकडे पाहिलं. मागचं बघायचं काम त्यांचं होतं. काकांनी टोपी काढली. "घनसावंगीच्या भाईर एक बाई बाटली हालवत पळत आल्ती खरी. मला वाटलं प्याशिंजर हाय. मी हात केला."

"कसला हात?"

"मागून दुसरी येऊन राह्यली, असा." काकांनी करून दाखवला. बत्तीस वर्षांची सवय होती, तो हात सुरेख झाला.

आता वेळ घालवून चालणार नव्हतं. सोमेश्वर सावरला. "घाबरायचं कारण न्हाई. मी जल्दी जाऊन घेऊन येतो." पण कोणी एकट्याने जायचं नाही असा क्लबचा नियम होता आणि शिस्त दाखवायचा आजच दिवस होता. त्यामुळे एका बाईला आणायला बारा गाड्या निघाल्या. अकरा बायका आणि सतरंजी मळ्यात राहिली.

घनसावंगीत पंपावर वंदना नव्हती. समोर पाणपोईवर नव्हती. जीपवाले उभे असतात तिथे सोमेश्वरने गाडी लावली आणि चौकशी केली. पप्पू नावाचा जीपवाला मदतीला पुढे आला.

"साडी कोणती व्हती वहिनींची?"

त्या दिवशी पहिल्यांदाच सोमेश्वरला उत्तर आलं नाही. सकाळी दारात उभी असताना ती त्याच्याशी बोलली होती. त्याने तेव्हा दोरीचे वेढे मोजले होते.

"हिरवी," कल्याण म्हणाला.

"जांभळी असावी," सर म्हणाले.

"मला तर नुसता हात दिसला," साहेबरावकाका म्हणाले.

सोमेश्वरने जर्किन पुढे केलं. "हे घातलं व्हतं."

"हे घातलेली दिसली असती तर लगेच वळखलं असतं," पप्पू समजुतीने म्हणाला. "पण हे तर तुमच्या हातात हाय. उंची?"

"मध्यम."

"चष्मा?"

सोमेश्वरने कल्याणकडे पाहिलं. आपल्या गाडीच्या टाकीवर कुठे किती ओरखडे आहेत, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. आता कोकण, मंजुरी, सगळं डोक्यातून गेलं. वंदना या उन्हात, हातात एक बाटली घेऊन, कुठे उभी असेल? तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला.

शेजारच्या चहावालीला, नंदाबाईला, त्याची दया आली. "बाटलीवाली बाई ना? मोरपंखी साडीतली? आल्ती की. साहेबरावांचा मोसंबीचा मळा कुठंय म्हणून इचारत व्हती. अर्ध्या तासापूर्वीच गेली जीपनं, पैसे मळ्यात देते म्हणली."

"म्हंजे ती जीप आपल्याला वाटेतच भेटली," कल्याण म्हणाला. "आतून कोणीतरी हात करून राह्यलं व्हतं. मी बी केला."

मळ्यात परत पोचले तेव्हा जेवणं उरकली होती. सतरंजी झाडाखाली अंथरलेली होती आणि तिच्यावर बारा बायका मोसंबी सोलत बसल्या होत्या. मधोमध मोरपंखी साडीत वंदना होती. चष्मा होता. सोमेश्वरने आता सगळं नीट पाहून घेतलं.

"वंदना, चूक झाली," तो म्हणाला. "तुला शोधायला आख्खं घनसावंगी पालथं घातलं."

"बसा," वंदना म्हणाली. आवाज शांत होता, त्यामुळे बाराही जण बसले. "मी मंजुरी दिली म्हणं."

"तो जरा गैरसमज झाला."

"प्रीतीवहिनी म्हणून राह्यल्या, मनातलं सगळं बोललात. अठरा किलोमीटर."

"बोललो."

"काय बोललात?"

सोमेश्वरने इकडेतिकडे पाहिलं. क्लबच्या सभेत तो तास-तास बोलायचा. आता एवढंच म्हणाला, "सांगंल ना घरी गेल्यावर."

"सतरंजीला सांगितलं, मंग मला सांगायला काय झालं?"

सोमेश्वरने हेल्मेट मांडीवर घेतलं, खाली ठेवलं, परत घेतलं. मग मान वर केली. "दुकान तू चालवती," तो म्हणाला. "मी नुसता फिरतो. मायचं तू केलंस, मी कधी बोललो न्हाई. आज तू गाडीवर नसताना पंधरा किलोमीटर बोललो, अन् तू असताना एकोणीस वर्षं गप्प राह्यलो. अन् तुझ्या साडीचा रंग मला सांगता आला न्हाई. लई लाज वाटली."

वंदना त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या हातातली मोसंबी तशीच राहिली.

सोमेश्वर सवयीप्रमाणे म्हणाला, "मंग, हो समजू का?"

"समजू नका. इचारा."

"दिवाळीनंतर पाच दिवस जाऊ का?"

"जा," वंदना म्हणाली आणि पदराने चष्मा पुसायला लागली. "दुकानाचं मी बघते. तसंही मीच बघते."

बारा जणांनी जल्लोष केला. कल्याणने तर उडी मारली. साहेबरावकाकांनी टोपी उडवली. धम्मपाल सर वही काढून म्हणाले, "मंग ठरलं. वंदनावहिनींनी हो म्हणलं की बाकीच्यांची हरकत न्हाई, असंच ठरलं व्हतं ना?"

"व्हतं," प्रीती म्हणाल्या. "पण तुम्ही घनसावंगीला गेल्ता तव्हा आम्ही ते बदललं. आता ज्याची त्याची परवानगी ज्यानं त्यानं मागायची. अध्यक्षांनी मागितली तशी. तोंडावर."

जल्लोष थांबला. अकरा नवऱ्यांनी अकरा बायकांकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे पाहिलं. चांगुणाबाई भाकरीची टोपली बाजूला सारून साहेबरावकाकांसमोर ऐसपैस बसल्या. म्हणाल्या, "मला घाई न्हाई. बत्तीस साल थांबले, आणखी थांबंल."

बऱ्याच वेळाने सर हळूच म्हणाले, "लिहून दिलं तर चालंल का?"

"चालंल," प्रीती म्हणाल्या. "वाचून तुम्हीच दाखवायचं. अन् माझ्याकडं बघून."

ऊन उतरायला लागलं. मळ्यात एकेका मोसंबीच्या झाडाआड एकेक पिवळं जर्किन उभं होतं. कोणी खोडाला हात टेकून पुटपुटत होतं, कोणी दोन पावलं पुढे येऊन पुन्हा मागे जात होतं. सर दुसरं पान फाडत होते. गोदा रायडर्सचे अध्यक्ष सतरंजीवर वंदनाच्या शेजारी मांडी घालून निवांत भाकरी खात होते.

"अरे, कोणाला काही अडलं तर इचारा," ते झाडांकडे बघून ओरडले. "मी हाय इथंच!"