डाव्या हाताची बदली

राज्य स्नूकर स्पर्धेला बारा दिवस उरले असताना नांदेडच्या शिरीष वाघोलीकरांच्या डाव्या हाताची वाशीमला बदली झाली. आदेशात कारण 'प्रशासकीय निकड' एवढंच होतं.

शिरीष सोळा वर्षं व्यावसायिक स्नूकर खेळत होते. गेली दोन वर्षं ते सतत हरत होते. यंदा पहिल्या चारांत आले नाहीत, तर व्यावसायिक खेळाडूंच्या यादीतून त्यांचं नाव कमी होणार होतं. आदेश घेऊन ते अवयव आस्थापना कार्यालयात गेले. वरिष्ठ लिपिक तांबटबाईंनी तो दोनदा वाचला.

"हा हात करतो काय?"

"टेबलावर टेकतो. अंगठ्याच्या खाचेतून क्यू सरकतो, खेळायची काठी."

"क्यू सरकवतो कोण?"

"उजवा."

"म्हणजे डावा काहीच करत नाही."

"हलत नाही, मॅडम. न हलणं हेच त्याचं काम."

"तेच तर." बाईंनी फाईल उलटली. "वाशीमला एका घड्याळजीकडे सात महिने जागा रिक्त आहे. त्यांनाही न हलणाराच हवाय. तुम्हाला दुसरा मिळेल, तीन वर्षांसाठी."

गुरुवारी हात कार्यमुक्त झाला. शिपायाने पोचपावतीवर सही घेतली आणि हात रुमालात गुंडाळला. निघताना त्याने निदान बोटं तरी हलवावीत, असं शिरीषना वाटलं. पण त्याला ती सवय नव्हती.

शुक्रवारी मध्यान्हपूर्व परभणीहून नवा हात रुजू झाला. तो सुलभा दुधगावकर या शिवणशिक्षिकेचा होता. लहानखुरा, तर्जनीच्या टोकाला सुईच्या खुणा, मनगटावर बांगड्यांचा फिकट पट्टा. स्वभावाने चांगला होता, पण टेबलावरचं हिरवं कापड दिसलं की सुरकुत्या काढायला धावायचा. त्या नादात चेंडूंना लागायचा, आणि प्रत्येक वेळी फाऊल व्हायचा. पत्नी निर्मलाने हाताला समजावून पाहिलं, की ते कापड मुळातच ताणून बसवलेलं असतं. हात तेवढ्यापुरता ऐकायचा.

पुण्यात उपांत्यपूर्व सामन्यात चार-चार अशी बरोबरी झाली. निर्णायक फ्रेमआधी दहा मिनिटांची विश्रांती होती. शिरीष जिन्यात गेले आणि त्यांनी परभणीला फोन लावला.

"बाई, मी तुमच्या डाव्या हाताकडचा बोलतोय. तो थांबतच नाही हो."

"घाबरलाय तो," सुलभाबाई म्हणाल्या. "नवीन ठिकाणी असंच करतो. त्याला सांगा, कात्री लागणार आहे. कापताना तो कधी हललेला नाही."

"आणि तुमच्याकडे कोण आलंय?"

"कुणी नाही. जागा रिक्त आहे. वर्गात मुली कापड धरतात. रविवारी मुली नसतात, तेव्हा कापडाच्या कडांवर विटा ठेवते."

फ्रेम शेवटच्या काळ्या चेंडूवर आली. पांढरा चेंडू लांब, टेबलाच्या कडेला चिकटलेला. शिरीष वाकले. हात टेबलावर टेकला आणि लगेच करंगळीने कापड चाचपू लागला. क्यू थरथरला. पंचांनी घड्याळाकडे पाहिलं.

"कात्री लागणार आहे," शिरीष हाताला हळूच म्हणाले. "दाबून धरा."

हात थांबला. पाची बोटं कापडावर रुतली. काळा चेंडू मधल्या खिशाला चाटून पुढे गेला आणि कोपऱ्यातल्या खिशात पडला. शिरीष बराच वेळ तसेच वाकून राहिले, कारण हात उठायला तयार नव्हता. आधी कापून होऊ दे, असं त्याचं म्हणणं असावं.

ते पहिल्या चारांत आले. उपांत्य सामना हरले, पण यादीत नाव राहिलं.

कार्यालयाच्या नियमानुसार हाताला रविवारची साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी शिरीष सकाळच्या गाडीने परभणीला जातात. सुलभाबाई आधी त्यांना चहा देतात. मग गणवेशाचं निळं कापड टेबलावर पसरतात, शिरीष शेजारी बसून डावा हात त्यावर ठेवतात, आणि बाई उजव्या हाताने कात्री उचलतात.

"खांदा तेवढा सैल सोडा, भाऊ," त्या म्हणतात. "त्याला कळतं."

शिरीष खांदा सैल सोडतात. सहा गणवेश कापून होईपर्यंत दुपार होते.