एक माप लहान

वाहिदभाईंनी नवा बेंच शर्ट अंगात चढवला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, आणि तो आता उतरत नाही हे त्यांना कळलं तेव्हा तीन. मधला अर्धा तास त्यांनी आरशासमोर घालवला होता.

हा शर्ट म्हणजे लग्नाकार्यात मिरवायचा कपडा नव्हे. बेंचवर उताणं पडून छातीवरचा बार वर ढकलणारे गडी तो घालतात. कापड ताडपत्रीसारखं जाड, आणि शिवण अशी की दोन्ही हात कायम समोर ताठ. ते खाली आणायचे तर वर शंभरेक किलो वजन लागतं. वराळ्यात रंगाचं दुकान चालवणारे वाहिदभाई वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तळेगावच्या स्पर्धेत उतरणार होते, आणि स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. जितका शर्ट घट्ट तितका जोर जास्त, असं स्वतःच ठरवून त्यांनी आपल्यापेक्षा एक माप लहान मागवला होता.

घालताना बायको ताजुन्निसा आणि मुलगी रुमाईसा अशा दोघी लागल्या. बाह्या सरकाव्यात म्हणून वाहिदभाईंच्या हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून, भिंतीला पाय लावून दोघींनी त्या ओढल्या. मग रुमाईसा क्लासला निघून गेली.

"बघून झालं ना? काढा आता," ताजुन्निसा म्हणाली.

वाहिदभाईंनी जोर लावला. शर्ट जागचा हलला नाही. ताजुन्निसाने ओढून पाहिलं, तर शर्टाबरोबर वाहिदभाईही पुढे आले.

"ताकद दंडात नसते, डोक्यात असते," ते म्हणाले. हे वाक्य ते डिस्टेंपर घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकवत. त्यांनी डोळे मिटले, डोक्यातली होती नव्हती ती ताकद एकवटली आणि सणसणीत शिंकले. नाकापर्यंत हात पोचेना, तेव्हा नाक ताजुन्निसाने पुसलं.

"थांबा, कात्री आणते."

"खबरदार! दहा दिवसांत दुसरा कुठून येणार?"

"मग कैलासभाऊंना फोन करा."

हे नाव त्या घरात आठ महिन्यांनी निघालं होतं. शेजारच्या नवलाख उंबरे गावचा कैलास आणि वाहिदभाई सतरा वर्षं एकाच जिममध्ये घाम गाळत आले होते. असले शर्ट चढवणं-उतरवणं कैलासच्या डाव्या हातचा मळ. पण आठ महिन्यांपूर्वी वाहिदभाई एकशे पंचेचाळीस किलो ढकलत असताना बार अर्ध्यावर थबकला, आणि डोक्याशी सपोर्टला उभ्या असलेल्या कैलासने त्याला हात लावला. हात लागला की उचल बाद. "बार जात होता!" असं वाहिदभाई म्हणाले. "मानंवर आला असता!" असं कैलास म्हणाला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. खरं काय होतं ते वाहिदभाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते त्याबद्दल फार मोठ्याने बोलत.

"त्याच्याकडे मी जाणार नाही," वाहिदभाई म्हणाले.

"नका जाऊ. जेवणार कसे?"

"तू भरव."

"झोपणार कसे?"

"उताणा."

"आणि मोरीत?"

वाहिदभाईंनी क्षणभर विचार केला. "गाडी काढ," ते म्हणाले.

ताजुन्निसाने स्कूटर काढली. वाहिदभाई मागे बसले आणि त्यांचे दोन्ही हात तिच्या कानांजवळून थेट पुढे आले. दोन्ही आरसे झाकले गेले. फाट्यावर दत्तोबा पिठाचा डबा घेऊन उभा होता. तो वाहिदभाईंचं जुनं गिऱ्हाईक.

"भाऊ, हात कशापायी फुडं केल्यात? कुटं निघालाय?"

"कैलासकडे!" वाहिदभाई ओरडले. नेमका खड्डा आला, त्यामुळे ते दातओठ खाऊन ओरडल्यासारखं झालं.

दत्तोबाला सगळा उलगडा झाला. आठ महिन्यांचं भांडण, ताठ हात आणि ते नेमके गळ्याच्या उंचीला. त्याने डबा खाली ठेवून कैलासच्या घरी फोन लावला. स्कूटर नवलाख उंबऱ्यात पोचेपर्यंत कैलासच्या दारात सातआठ माणसं गोळा झाली होती आणि कैलासची बायको माधवी उंबऱ्यात आडवी उभी होती.

"वाहिदभाई, हात खाली घ्या, मंग बोला!"

"तेच तर होत नाही, वहिनी!"

"बगा, ऐकत न्हाईत!" गर्दीतून आवाज आला.

एवढ्यात कारखान्यातली पहिली पाळी करून आलेला कैलास टॉवेलने तोंड पुसत बाहेर आला. त्याने वाहिदभाईंना एकदा समोरून पाहिलं, एकदा बाजूने पाहिलं.

"एक माप ल्हान घेतला व्हय?"

वाहिदभाईंनी मान खाली घातली. तेवढीच खाली जात होती.

"काढतो," कैलास म्हणाला. "पर आदी एक बोलायचंय. आठ महिनं मनाला लागून ऱ्हायलंय. त्या दिशी बार जात हुता. मीच भ्यालो. चुकलं माजं."

हे वाक्य ऐकण्यासाठी वाहिदभाईंचा जीव आठ महिने टांगणीला लागला होता. आता ते चार माणसांत ऐकायला मिळालं आणि त्यांना भयंकर वाईट वाटलं. त्या दिवशी बार तसूभरही जात नव्हता. कैलासचे हात पुढे आले तेव्हा त्यांना रडू येईल इतकं बरं वाटलं होतं.

"नव्हता जात," ते म्हणाले.

"जात हुता."

"अरे, बाराखाली मी होतो का तू?"

"मी वर हुतो! मला दिसत हुतं!"

"तुझे डोळे फुटले होते! मी मेलो असतो त्या दिवशी!"

भांडण सोडवायला आलेल्यांना कुणाची बाजू घ्यावी ते कळेना. माधवी वैतागून कात्री घेऊन आली, तेव्हा दोघं एका सुरात ओरडले, "कात्री नको!"

"चला जिममदी," कैलास म्हणाला. "शर्ट अंगात हायेच. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळी वरात गेली. बारवर एकशे पंचेचाळीस चढले. वाहिदभाई उताणे झाले आणि कैलास डोक्याशी उभा राहिला.

"हात लावायचा नाही," वाहिदभाई म्हणाले. "नाही जात ते दाखवतो तुला."

"न्हाई लावत," असं म्हणून कैलासने हात पाठीमागे बांधले.

बार छातीपर्यंत आला, टेकला, वर निघाला आणि अर्ध्यावर थबकला. वाहिदभाईंचं म्हणणं सिद्ध झालं होतं. आता फक्त 'धर' म्हणायचं होतं, पण त्याला श्वास लागतो. वर कैलासचा उलटा चेहरा दिसत होता, आणि तो आनंदाने ओरडत होता, "जातोय, भाई, जातोय!" हात मात्र पाठीमागेच. हा माणूस शब्दाचा पक्का आहे, हे सतरा वर्षांत वाहिदभाईंना पुरतं कळलेलं होतं. हात येणार नव्हते. डोक्यातली ताकद तर घरी शिंकेतच गेली होती. उरले दोन दंड. बार इंचाइंचाने सरकत वर गेला आणि हात ताठ झाले.

शेडमध्ये एकच गिल्ला झाला. कैलासने बार बेंचच्या घोडीवर ठेवला, वाहिदभाईंना उठवून वाकवलं आणि उजवी बाही अशी खेचली की ती झटक्यात मोकळी झाली. सुटलेल्या हाताने वाहिदभाईंनी सगळ्यात आधी नाक पुसलं, आणि त्यांच्यातले नेहमीचे वाहिदभाई परत आले.

"बघितलंत?" ते गर्दीला म्हणाले. "ताकद डोक्यात असते! त्या दिवशीसुद्धा जातच होता. ह्यानेच हात लावला."

कैलासने डाव्या बाहीला घातलेला हात काढून घेतला आणि तो शांतपणे समोरच्या बाकावर जाऊन बसला.

"मगाशी काय म्हणला हुता, भाई?"

वाहिदभाईंनी डाव्या हाताकडे पाहिलं. तो अजून समोर ताठ होता. त्यांनी ताजुन्निसाकडे पाहिलं. ती पर्समध्ये कात्री शोधत होती.

"नव्हता जात," ते म्हणाले.

"जरा मोट्यानं."

"नव्हता जात!"

कैलास उठला आणि त्याने दुसरी बाही धरली.