कळ गेली, बटण आलं

कमरेला शेक देणाऱ्या पट्ट्याच्या माहितीपुस्तिकेत एकाच वस्तूला तीन नावं होती. सुरुवातीला 'कळ', मध्ये 'बटन' आणि शेवटी 'बटण'. प्रत्येक नवा लेखक आपला शब्द घुसवून गेला होता, जुना काढायचे कष्ट कुणी घेतले नव्हते. त्यातून 'कमरेत कळ येताच कळ दाबा' हे वाचून एका आजोबांनी स्वतःची कंबरच दाबून दाबून सुजवली, आणि साहेब पेटले.

"आता जमाना बटणाचा आहे. ण बाणातला. सगळीकडे एकच शब्द पाहिजे," त्यांनी वेलांटीबाईला बजावलं. "हे नीट झालं तर तुला कायम करतो."

वेलांटीबाई हे नाव तिला ऑफिसनं ठेवलं होतं, कारण दुसऱ्याची चुकलेली वेलांटी दिसली की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. कायम होण्यासाठी तर ती काहीही करायला तयार होती. तिनं कॉम्प्युटरला हुकूम सोडला: 'कळ' किंवा 'बटन' दिसलं की 'बटण' कर. पुन्हा कुणी शेण खाऊ नये म्हणून हाच हुकूम तिनं ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर बसवला. आता तपासायचं काय राहिलं, असं म्हणून ती निवांत घरी गेली.

पुस्तिका छापून पट्ट्यांसोबत रवाना झाल्या आणि फोन वाजला.

"बाई, पट्टा मोबटणा कसा करायचा?" पलीकडून एक आजी विचारत होत्या.

"काय कसा करायचा?"

"मोबटणा. तुम्हीच छापलंय. आणि पट्ट्याला उबटणतं पाणी लागू देऊ नका म्हणता, ते कसलं असतं? आमच्या ह्यांच्या कमरेत तर अजून एकही बटण आलेलं नाही. वाट बघायची का?"

वेलांटीबाईनं पुस्तिका उघडली. शेवटी ठळक अक्षरांत छापलं होतं: 'तक्रार असल्यास त्वरित बटणवा, ही बटणबटणीची विनंती.' तिच्या पोटात खरीखुरी कळ आली.

गोष्ट साहेबांपर्यंत पोचली. तिला नारळ द्यायचं पत्र टाइप करायला ते केबिनचं दार लावून स्वतःच बसले, आणि बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन बाहेर आले.

"'सेवा संपल्याचे कळवण्यास खेद होतो' एवढंच लिहायचंय. दर वेळी 'बटणवण्यास' होतंय."

"सगळीकडे एकच शब्द हवा म्हणालात ना? बसवलाय."

"काढ तो."

"काढते की. पण मला काढल्यावर तो कोण काढणार? आधी कुणाला काढायचं, तेवढं ठरवा."

साहेबांनी केबिनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"त्याला काढ. तू राहा. कायमची." दारापाशी थांबून त्यांनी बोट उगारलं. "पण पुन्हा असला घोळ चालणार नाही. बटणलं?"