चार नंबरची बेवारस टाकी

घरचा नळ दुरुस्त करायला प्लंबर बोलावणारा माणूस मला जरा कमकुवतच वाटतो. पाणी वरून खाली येतं. आलं नाही, तर वाटेत काहीतरी अडलंय. यात शिकण्यासारखं आहे काय!

आमच्या चांद्र वर्षाचा शेवटचा दिवस. तैवानमधल्या आमच्या ताइचुंग शहरातले सगळे प्लंबर आपापल्या गावी गेलेले. बाथरूममधून आई ओरडली, "बो-वेई! ही धार आहे की नाक गळतंय?"

तिच्या डोक्यावर जाडजूड कलप आणि शॉवरमधून थेंब थेंब पाणी! नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी केस धुतले की वर्षभराचं नशीब वाहून जातं, म्हणजे आजच धुवायला हवेत.

"वरच्या ओउयांग काकूंकडे पाठवू का आईंना?" माझी बायको पेइ-चेन म्हणाली.

"मी असताना?" मी पाना उचलून गच्चीवर गेलो.

तिथे प्रत्येक मजल्याची वेगळी टाकी, वर नंबर रंगवलेला. महिन्यापूर्वीच आम्ही इथे पाचव्या मजल्यावर राहायला आलो होतो. आमच्या भाषेत 'चार'चा उच्चार 'मरण'सारखा, म्हणून इमारतीत तिसऱ्यानंतर थेट पाचवा मजला. मी पाच नंबरची टाकी धरली, जाळीतलं मूठभर शेवाळ काढलं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. तेवढ्यात शेजारी चार नंबरची टाकी दिसली. चौथा मजलाच नाही, मग ही कोणाची? फुकटखाऊ! आमचं पाणी हीच पीत असणार! तिचा व्हॉल्व्ह मी करकचून बंद केला आणि घरी फोन लावला.

"आता बघ धार!"

"कसली धार? होतं तेही गेलं! आईंच्या डोळ्यांत कलप उतरतोय!"

इतक्यात डोक्याला टॉवेल गुंडाळून ओउयांग काकू धापा टाकत वर आल्या. "पाच नंबरला कोणी हात लावला?"

"म... मी."

"अरे सोन्या! इतक्या वर्षांत पहिल्यांदा धार लागली! शॉवर हातातून उडाला माझ्या!"

"पण ही टाकी आमची ना?"

"छे रे! टाक्या बसवणाऱ्याने मजले चार न गाळता सरळ मोजले. तुमच्या पाचव्या मजल्याची चार, आमच्या सहाव्याची पाच. सहा नंबरची टाकी दिसतेय का कुठे?"

नव्हती. हे मला आधी सुचायला हरकत नव्हती.

"आईला आधी माझ्याकडे पाठव!" काकू म्हणाल्या. आईचे केस वर धुतले जाईपर्यंत मी चार नंबर साफ करून तिचा व्हॉल्व्ह उघडला, आणि आमच्याही बाथरूममध्ये पाणी असं कोसळलं की पेइ-चेनने टाळ्या वाजवल्या! आई काळेभोर केस मिरवत प्रत्येक मजल्यावर सांगून आली, "माझ्या लेकाने केलं हो!" मग काय, "बो-वेई, आमचीही बघ ना!" करत सगळी इमारत गच्चीवर. एका हाताने शेवाळ काढत, दुसऱ्या हाताने लोकांनी आणलेला सणाचा मुळ्याचा केक खात मी सगळ्या टाक्या साफ केल्या. राजासारखं वाटत होतं!

सगळ्यात शेवटी, शेवाळाने माखलेलं डोकं घेऊन मी बाथरूममध्ये शिरलो आणि शॉवर सोडला. रात्रीचे बारा वाजले आणि बाहेर फटाके धडाडले.

आईने दार बडवलं. "नवं वर्ष लागलं! केसांना पाण्याचा थेंब लागला तर याद राख!"

मान बाहेर काढून अंघोळ केली. पण काय सांगू, धार एक नंबर होती!